साक्षीचं झाड राज्याबाहेर

थंडी जरा स्थिरावली की पन्हेरीत डोळे भरायला सुरुवात होते. पन्हेरी म्हणजे संत्र्याच्या कलमांची वाडी. जंबेरीच्या, म्हणजे खट्ट्या रानलिंबाच्या, खुंटाची साल चिरायची, गोड झाडाच्या काडीवरचा एक डोळा काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, एवढंच काम. वर्षभरात त्या डोळ्यातून संत्र्याचं झाड उठतं. आता माझे हात थरथरतात, म्हणून मी वाफ्याच्या कडेला खाट टाकून बसते आणि नातसुनेच्या चुका काढते. ती निमूट ऐकून घेते, कारण चाकूच्या बाबतीत मी कुणाची गय करत नाही हे तिला माहीत आहे.

परवा अशीच उन्हात बसले होते, तेव्हा मंडळाचं निमंत्रण आलं. जाड कागद, सोनेरी कडा. ‘पन्हेरी मंडळाच्या गौरवशाली परंपरेतील ज्येष्ठ सदस्या’ म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आहे म्हणे. मी सदस्या कधी होते? ज्या मंडळानं माझ्या सासऱ्यांना खोटं ठरवलं, त्या मंडळाची मी ज्येष्ठ सदस्या. पाकिटात आणखी एक चीज होती. गेरूत बुडवलेल्या सुतळीचा वीतभर तुकडा, मानाची खूण म्हणून चिकटवलेला. तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. नातसुनेनं विचारलं, “काय झालं, आजी?” मी म्हटलं, “काई नाई, तू पट्टी सैल बांधून राहिली, तिकडं ध्यान दे.”

ही गेरूची सुतळी काय होती ते आताच्या पोरांना माहीत नाही. त्यांना वाटतं शोभेची वस्तू असेल.

देश स्वतंत्र झाला त्या हिवाळ्यात मंडळ निघालं. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा, तिगाव आणि नाल्यापलीकडची दोन-चार गावं, इथले लहान लहान पन्हेरीवाले एकत्र आले. सगळ्यांना काहीतरी नवं करायची घाई झाली होती, यांनी मंडळ केलं. कलमेच्या धंद्यात फसवणूक फार सोपी असते. कलम विकत घेताना ती हिरवी काडी असते. गोड की खट्टी हे कळायला पाच-सहा वर्षं जातात आणि तोवर विकणारा नामानिराळा होतो. गिऱ्हाईक कुणावर विश्वास ठेवणार? माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, त्यावर एक नेम काढला. ज्या खेपेच्या कलमा विकायच्या, त्याच खेपेतली एक कलम दुसऱ्या सदस्याच्या वावरात लावायची. स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या. ते साक्षीचं झाड. उद्या गिऱ्हाइकानं तक्रार केली तर पाच पंचांनी त्या झाडाखाली जायचं, तिथंच फळ तोडायचं, तिथंच सोलायचं, प्रत्येकानं एकेक फोड खायची आणि एकमेकांशी न बोलता आपला निवाडा सांगायचा. फळ घरी न्यायचं नाही, कुणाकडून मागवायचं नाही. झाडापासून तुटून हिंडलेलं फळ कुठल्या झाडाचं, हे देवालाही सांगता येणार नाही, असं मामाजी म्हणत.

असा नेम पाळणाऱ्याच्या कलमांचा जुडगा गेरूत रंगवलेल्या अंबाडीच्या सुतळीनं बांधायचा. पांढुर्ण्याच्या बाजारात लोक जुडगा उचलायच्या आधी सुतळी पाहत. तांबडी असली की पुढचं बोलणं. नसली की पुढच्या दुकानात.

मामाजींच्या पहिल्या खेपेचं साक्षीचं झाड माझ्या बाबांच्या वावरात लागलं. आमचं गाव नाल्यापलीकडं, सावनेरच्या बाजूला. मामाजींच्या विहिरीवर उभं राहिलं तर बाबांच्या वावरातला पळस दिसायचा, इतकं जवळ. मी तेव्हा चौथीत होते. त्या रोपाला पाणी घालायचं काम माझ्याकडं आलं आणि ते मी घरच्या तुळशीपेक्षा जास्त मनानं केलं, कारण बाबांनी सांगितलं होतं, “हे आपलं नाई, हे लोकाची जुबान हाय.” मामाजी वर्षातून दोनदा झाड पाहायला येत. खोडाला हात लावत, पानं उलटून बघत, मग झाडाजवळ बसून माझ्या हातचं पाणी पीत. मी मोठी होत गेले, झाडही होत गेलं. पहिला बहार आला तेव्हा त्यांनी फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मग बाबांना म्हणाले, “झाड चांगलं राखलं पोरीनं.” दोन वर्षांनी तेच मला त्यांच्या मुलासाठी मागायला आले. माझं लग्न त्या झाडाखाली ठरलं, असं म्हटलं तरी चालेल. ते फळ कसं लागतं हे जगात सगळ्यात चांगलं मला माहीत होतं.

लग्न झालं त्या उन्हाळ्यात माहेर आणि सासर एकाच राज्यात होतं. राजधानी नागपूर. थंडी सुरू झाली तोवर दोन राज्यं झाली होती. नाल्याच्या पलीकडचं मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळचे झालो. भोपाळ कुठं आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच धड माहीत नव्हतं. आम्ही मराठी बोलणारे, आमची संत्री नागपूरला जाणारी, आमच्या मुली नाल्यापलीकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं आणलेल्या. कुणी विचारलं नाही. ज्यांनी रेघ ओढली त्यांनी कागदावर ओढली आणि ती माझ्या माहेरच्या वाटेवरून गेली. लोक म्हणत, चालायचंच, मोठ्या कामात असं होतं. मला तेव्हाही ते पटलं नाही, आताही पटत नाही. पण खरं सांगते, त्या रेघेनं आमचं काही बिघडवलं नसतं. नाला तोच होता, पाऊलवाट तीच होती. बिघडवलं ते आमच्याच माणसांनी.

त्याच हिवाळ्यात पांढुर्ण्याकडच्या एका जुन्या मालगुजारानं, म्हणजे बड्या जमीनदारानं, मंडळात तक्रार केली. मामाजींच्या पहिल्या खेपेच्या कलमांची त्यानं बाग लावली होती आणि तिला आता खट्टी फळं धरली होती. मामाजी बाग पाहून आले ते दुपारी, आणि हातपाय न धुता ओसरीवर बसले. “बकऱ्यांनी शेंडे खाल्ले,” ते म्हणाले. “वरचा डोळा मेला, खालून खुंटाचे फुटवे आले, अन् यानं तेच वाढवले. काटा पाह्यला, पान पाह्यलं, सारी जंबेरी हाय. त्याले म्हटलं, तर म्हणते, मले डोळा-खुंट काई समजत नाई, मी संत्रा घेतला, मले संत्रा पायजे.” मामाजींना राग आला नव्हता. त्यांना खात्री होती. “असू दे. पंच जातील, साक्षीच्या झाडाखाली बसतील, खातील. झालं.”

इतका भोळा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कारण मंडळाचे चिटणीस नत्थुजी यांच्याकडं त्याच सुमारास एका सरकारी कचेरीतून चिठ्ठी आली होती. नत्थुजी मामाजींचे जिवलग. दोघांनी मिळून पहिली सुतळी रंगवली होती, गेरूच्या एकाच पातेल्यात हात बुडवून. चिठ्ठीत लिहिलं होतं की नव्या राज्यात मंडळाची नोंद करायची असेल तर सगळे सदस्य आणि त्यांच्या जमिनी राज्याच्या आत पाहिजेत. नोंद झाली की सरकारी बागांना लागणाऱ्या कलमा मंडळाकडून घेतल्या जातील, अशी आशाही कुणीतरी लावून दिली होती. नत्थुजींनी ती चिठ्ठी मंडळात वाचली आणि पलीकडच्या सदस्यांची नावं खोडली. माझ्या बाबांचं नाव त्यांत. बाबा त्या दिवशी सभेला हजर होते. ते म्हणाले, “माह्या वावरातून व्याह्याच्या विहिरीचा रहाट दिसते, नत्थुजी, अन् मी बाहेरचा?” नत्थुजी म्हणाले, “मी थोडीच म्हणून राहिलो. चिठ्ठीत आहे, राज्य के बाहर.” ते तीन शब्द ते हिंदीतच म्हणत. मराठीत म्हणायला जीभ वळली नसती.

बाबा सदस्य नाहीत, म्हणून त्यांच्या वावरातलं झाड मंडळाचं नाही. झाड मंडळाचं नाही, म्हणून ते साक्ष देऊ शकत नाही. साक्ष नाही, म्हणून मालगुजाराचं खरं. बघा कसं सोपं झालं सगळं. आणि मालगुजाराला दुखवायचं कुणाला नव्हतंच, सरकारी बागांच्या कलमा कुणाच्या शब्दावर मिळणार हे सगळ्यांना कळत होतं.

निवाडा पुढच्या सभेत, सौंसरच्या बाजाराच्या दिवशी व्हायचा होता. मी त्या सकाळी माहेरी गेले. एकटी, कुणाला न सांगता. झाड फळांनी वाकलेलं होतं. फांद्यांना बाबांनी बांबूचे टेकू दिले होते. मी टोपलीभर फळं तोडली. देठाला पानं राहू दिली, म्हणजे पाहणाऱ्याला ताजेपणा दिसेल. आईनं चहा ठेवला होता तो न पिता निघाले, आणि टोपली डोक्यावर घेऊन, सापडेल त्या बैलगाडीत बसून सौंसरला पोचले. धर्मशाळेच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसं बसली होती. मी लग्न होऊन सहा-सात महिने झालेली सून. डोक्यावरचा पदर सारखा केला, आत गेले आणि टोपली मधोमध ठेवली.

“हे त्या झाडाचं हाय,” मी म्हटलं. “खाऊन पाहा.”

कुणीतरी हसलं. नत्थुजींनी मात्र हात पुढं केला होता. एक फळ त्यांच्या हातात आलं होतं, अंगठा सालीत रुतायचा बाकी होता. मी आजही तो अंगठा पाहते. त्यांनी ते सोललं असतं तर सगळं वेगळं झालं असतं, कारण ती फोड तोंडात गेल्यावर खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं.

आणि मामाजी म्हणाले, “ठेवा ते, नत्थुजी.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, “झाडापासून तुटलेलं फळ साक्ष देत नाई, सूनबाई. हा नेम मीच केला. आज माह्यासाठी मोडला तर उद्या कोनासाठीही मोडन.”

मी त्या माणसावर फार चिडले. नवऱ्यावर कधी चिडले नाही इतकी. नेम काय कवटाळून बसायचा? नेम मोडणारे समोर बसलेत, तुमचं नाव पुसायला निघालेत, आणि तुम्ही त्यांना नेम शिकवताय? मी तिथंच म्हटलं, “मंग सारे चला. अर्धा कोस वाट हाय आपल्या वाडीपासून. चालत जा, झाडाखाली खा, अन् या. पाय काई राज्य पाह्यत नाईत.”

कुणी उठलं नाही. एक जण म्हणाला, बाजार आटोपायचा आहे. एक जण म्हणाला, चिठ्ठी आली आहे, आता आपल्या हातात काय. नत्थुजींनी फळ परत टोपलीत ठेवलं. फार जपून ठेवलं, जसं काही ते लागू नये. आणि वहीत लिहिलं, ‘कलमा खट्ट्या निघाल्या. साक्ष नाही.’ दोन वाक्यं. मामाजी उठले, सोबत आणलेली गेरूच्या सुतळीची गुंडी त्यांनी वहीवर ठेवली आणि टोपली स्वतः उचलली. बाजारातून जाताना लोकांनी भाव विचारला. ते म्हणाले, “विकाले नाई.”

त्या वर्षीच्या कलमा कुणी घेतल्या नाहीत. पावसाळा आला, गाड्या आल्या, लोकांनी वाफे पाहिले, काड्या सुरेख होत्या, आणि मग ते सुतळी शोधत. साधी अंबाडी पाहून पुढं निघून जात. ओळखीचे लोकसुद्धा. कलम वाफ्यात फार दिवस राहिली की तिची मुळं खोल जातात, मग ती उपटून दुसरीकडं लावण्यालायक राहत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात मामाजींनी आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती सगळी झाडं कुदळीनं काढली. कंबरेएवढी झालेली, चकचकीत पानांची. आम्ही ती चुलीत जाळली. ओलं संत्र्याचं लाकूड जळताना गोड वास येतो. तो वास आला की मी अजून उठून आत जाते, आणि लोक म्हणतात आजीला धूर चालत नाही.

मला राग येतो तो त्या मालगुजाराचा नाही. त्याला खुंट आणि डोळा यातलं काही समजत नव्हतं, आणि समजून घ्यायची त्याला कधी गरजही पडली नव्हती. त्या कचेरीचाही फारसा नाही, तिथल्या माणसानं आम्हाला पाहिलंही नव्हतं. राग येतो तो ओसरीवर बसलेल्या वीस-पंचवीस जणांचा, ज्यांना सगळं समजत होतं. लहान पन्हेरीवाल्यांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून मंडळ होतं. एकट्याची मान मोठ्या माणसाच्या हातात जाऊ नये म्हणून होतं. आणि पहिल्या प्रसंगालाच त्यांनी एकट्याला काढून दिलं. अर्धा कोस चालायचं जिवावर आलं म्हणून.

तिसऱ्या हिवाळ्यात मी चाकू हातात घेतला. आमच्याकडं बायका पाणी देत, निंदत, केळीच्या सोपटाच्या पट्ट्या काढून देत, पण डोळा भरायचा तो बाप्यांनीच. मामाजींनी पन्हेरी सोडली होती. ते नुसते ओसरीवर बसून राहत. मी माहेरून त्या झाडाच्या काड्या आणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, “शिकवा.” त्यांनी काड्या उलटसुलट करून पाहिल्या. मग म्हणाले, “चाकू बोथट हाय तुह्या हातातला.” आणि धार लावायला दगड आणला. त्यांनी मला शिकवलं तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की डोळा म्हणजे त्या झाडाचं पोर नव्हे. डोळा म्हणजे तेच झाड. बी लावलं तर काय उठेल सांगता येत नाही, डोळा लावला तर तेच उठतं, कुठंही लावा.

सुतळी नव्हतीच, म्हणून मी माझा नेम केला. माझ्याकडून कलम घ्यायची असेल तर आधी नाल्यापलीकडं जाऊन त्या झाडाखाली फळ खाऊन यायचं. बहार नसेल तर बहारापर्यंत थांबायचं. लोकांनी वेड्यात काढलं. ह्यांनाही वाटलं, गिऱ्हाईक येणार नाही. पहिल्या वर्षी दोघे आले. दुसऱ्या वर्षी त्या दोघांनी सांगितलेले दहा-बारा. बाबा झाडाखाली घोंगडी टाकून ठेवत आणि आलेल्याला स्वतः सोलून देत नसत. म्हणत, “तुमीच तोडा, तुमीच सोला, मंग मले बोल नाई.” हळूहळू त्या पाऊलवाटेला लोक साक्षीची वाट म्हणू लागले. मामाजी हे सगळं बघून गेले, पण बाजारात मात्र पुन्हा कधी गेले नाहीत.

नत्थुजी आले ते मामाजींना जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. कोळशीच्या साथीनं त्यांची बाग काळी पडून मेली होती. हातात काठी होती, सोबत कुणी नव्हतं. “सूनबाई, कलमा पायजे.”

“माहा नेम माहीत आहे तुमाले,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्याबरोबर निघाले, कारण म्हातारा माणूस नाल्यात घसरला असता. ते मधूनमधून थांबत होते. नाल्याच्या पुढं बांधावर सरहद्दीचा एक दगड आहे, त्याच्यावर शेळी उभी होती. बाकी काही नव्हतं. ना शिपाई, ना फाटक, ना चिठ्ठी विचारणारा कुणी. तेव्हाही कुणी नव्हतं. ते दगडाकडं बघून पुढं झाले.

झाडाखाली त्यांनी फळ तोडलं. तोच अंगठा, आता वाकडा झालेला. सोलताना वेळ लागला. एक फोड खाल्ली, मग दुसरी. नेमाप्रमाणं एकच खायची असते.

“गोड हाय,” ते म्हणाले.

“वहीत लिहाल?”

त्यांनी हात धोतराला पुसले. मग म्हणाले, “आता लिहून कोनाले दाखवू, बाई? तुहे मामाजी तर गेले.” आणि तिथं बसून रडले. मला त्यांची दया आली नाही. यावी असं वाटत होतं, आली नाही. कलमा मात्र दिल्या, कलमांनी काय वाईट केलं होतं. वहीत त्यांनी शेवटपर्यंत काही लिहिलं नाही. ती वही आजही मंडळाच्या कपाटात आहे, आणि ती दोन वाक्यंही.

पुढं कोळशीनं आमचं ते झाडही नेलं. बाबाही गेले. पण त्याच्या डोळ्याचं एक झाड माझ्या अंगणात आहे, विहिरीजवळ, आणि या वर्षी त्याला टेकू द्यावे लागले आहेत. डोळा म्हणजे तेच झाड.

निमंत्रणाच्या कोऱ्या पाठीवर मी काल उत्तर लिहिलं. नातसुनेनं कागद धरला. ‘शाल नको. नारळ नको. सुतळीचा तुकडा परत पाठवते आहे. पाच पंच पाठवा, वही बरोबर द्या. झाडाखाली बसून एकेक फोड खा आणि ती दोन वाक्यं तिथंच खोडा. मग मी सत्काराला येईन. झाड आता राज्याच्या आत आहे.’